चीज गप्प झालं की उलटायचं

आधी गिऱ्हाइकाला गप्प बसवायचं आणि मगच त्याला खाऊ घालायचं, असा धंदा करणारी बाई आमच्या शहाद्यात एकच निघाली, आणि माझ्या नशिबाने ती माझी मोठी नणंद निघाली. लोणखेड्याच्या रस्त्याला, कॉलेजच्या भिंतीसमोर ताईंची लोटगाडी उभी असायची. गाडीवर चीज सँडविच, दुसरं काही नाही. चहासुद्धा नाही. मी त्यांच्या हाताखाली कांदा चिरायला आणि ब्रेडला लोणी लावायला. एकदा कॉलेजचे एक सर फोनवर बोलत बोलत आले आणि बोट दाखवून एक सँडविच मागितलं. ताईंनी ब्रेड ठेवला. सरांचं बोलणं काही संपेना. ताईंनी ब्रेड उचलून परत ताटलीत ठेवला आणि हात बांधून उभ्या राहिल्या. सरांनी फोन बाजूला धरून विचारलं, "काय झालं हो मावशी?" ताई म्हणाल्या, "काही नही सर. आधी तुम्हनं बोलनं शिजू द्या, मंग मी चीज शिजाडसू." पोरं तोंड फिरवून हसली. सर लालेलाल झाले. मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. पण दुसऱ्या दिवशी ते फोन खिशात ठेवून आले, आणि देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

गेल्या हिवाळ्यात, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले त्या दिवसांत, ही गाडी राहते की विकली जाते अशी वेळ आली. गाडी गेली असती तर ताईंना सुरतेला लेकाकडे जाऊन राहावं लागलं असतं. सुरतेत त्या एकदा आठ दिवस राहून आल्या होत्या. सून चांगली, लेक चांगला, घर तिसऱ्या मजल्यावर. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "तठे माले कोनी कामच सांगत नही वं. फोटोसारखं बठाडी ठेवतस." त्यामुळे सुरत म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. पण ती वेळ कशी आली हे कळायला त्या सँडविच कसं करायच्या ते आधी सांगायला हवं.

ताईंचं सँडविच तव्यावर होत नसे, ते खापरावर व्हायचं. खापर म्हणजे मातीचं मोठं मडकं. ते चुलीवर पालथं घालतात आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजतात. ताई मूळच्या मांडे करणाऱ्या. पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन कोपरापर्यंत असा फिरवायच्या की बघता बघता त्याचा उपरण्याएवढा मांडा व्हायचा. लांब लांबच्या लग्नांतून त्यांना बोलावणी यायची. पण एका लग्नात आचारी म्हणाला, "मावशी, जरा लवकर हात चालवा," आणि ताई अर्धं पुरण तसंच ठेवून घरी निघून आल्या. तेव्हापासून लग्नं बंद. मग घरी बसून बसून त्यांचा जीव कासावीस होऊ लागला. त्याच सुमारास लेकाने सुरतहून चीजचं पाकीट आणलं. ताईंनी वास घेतला, जिभेला लावून पाहिलं, आणि म्हणाल्या, "हाई ते रुसेल लोणी शे." पण त्यांनी ते ब्रेडमध्ये घालून खापरावर ठेवलं, आणि रुसलेलं लोणी असं काही पाघळलं की आमच्या ह्यांनी एकामागून एक सगळा ब्रेड संपवला. पंधरवड्यात गाडी उभी राहिली. खापर गोल, त्यामुळे सँडविच घरावरच्या कौलासारखं वाकडं व्हायचं. एका मुलीने विचारलं, "मावशी, हे वाकडं का?" ताई म्हणाल्या, "तुन्हा तोंडमा जावापुरतं सरळ शे. खाय."

सँडविचला नावं त्यांनी गावांची दिली होती. नंदुरबार म्हणजे लाल मिरचीच्या चटणीचं. ती मिरची ताई बाजारात जाऊन एकेक देठ धरून निवडायच्या, मिरची विकणारा वैतागून पोत्यापासून दूर जाऊन बसायचा. प्रकाशा म्हणजे कांदा-लसूण नसलेलं, देवदर्शन करून आलेल्यांसाठी. लोणखेडा म्हणजे कच्च्या केळ्याचं आणि शहादा म्हणजे वांग्याच्या भरताचं. संध्याकाळी कॉलेज सुटलं की "दोन नंदुरबार, एक प्रकाशा" अशी मागणी सुरू व्हायची आणि नवखा माणूस इथे एस.टी.ची तिकिटं मिळतात असं समजून रांगेत उभा राहायचा. मागितलेलं मिळेलच असंही नव्हतं. एका मुलाने उतरलेल्या चेहऱ्याने नंदुरबार मागितलं. त्याचा पेपर वाईट गेला होता, हे ताईंना त्याच्याकडे बघूनच कळलं. त्यांनी त्याच्या हातात प्रकाशा ठेवलं. तो म्हणाला, "मी नंदुरबार सांगितलं होतं." ताई म्हणाल्या, "तुन्हा डोयामा आधीच पानी शे, मिरची कसाले?" त्याने मुकाट्याने खाल्लं आणि वर त्यांच्या पाया पडला. आता याला धंदा म्हणायचं की काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण सगळ्यात मोठा नियम आवाजाचा होता. ताई सँडविच डोळ्यांनी बघत नसत, कानाने ऐकत. ब्रेड खापरावर ठेवला की वरून एक पितळी झाकण पालथं घालायचं आणि कान झाकणाजवळ न्यायचा. चीज आधी तडतडतं, मग त्याची सरसर चालू होते, आणि एका क्षणी ते एकदम गप्प होतं. तो क्षण उलटायचा. आधी उलटलं तर आत चीजची वडी तशीच घट्ट राहते, नंतर उलटलं तर ते वाहून खापरावर जळतं. "बोली बोली दमस ते," ताई म्हणायच्या, "दमनं का उलटाडी टाकानं." म्हणून गिऱ्हाइकांनी गप्प राहायचं. मोटारसायकल सुरू ठेवायची नाही. गाडीजवळ खोकला आला तर भिंतीकडे जाऊन खोकायचं. लोक हसायचे, पण पाळायचे. मलाही तो नियम फार सोयीचा होता. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते, आणि इथे तर न बोलण्याचीच नोकरी होती.

दिवाळीनंतर एक मुलगी सँडविच परत घेऊन आली. आत चीजची वडी जशीच्या तशी. ताईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि दोष चीजला दिला. "या पाकिटमधलं चीज मुकं शे," म्हणाल्या. "बोलतच नही." दुसऱ्या दुकानातून पाकिटं आणली. तीही मुकी निघाली. तिसरं दुकान केलं, आणि त्या दुकानदाराशी भांडणही केलं, की तुमच्याकडे बोलणारं चीज नाही का. तो बिचारा पाकीट कानाला लावून बघायला लागला. गिऱ्हाइकं कच्चं सँडविच मुकाट खात होती. ताईंना सांगायची छाती कोणाची होणार? मग एक दिवस ताई कोळसे आणायला वळल्या आणि मी झाकणाजवळ कान नेला. चीज चांगलं खणखणीत तडतडत होतं. इतकं की मला रस्त्यावरून चाललेली ट्रॉलीसुद्धा ऐकू आली नाही. चीज मुकं नव्हतं. ताईंना सगळंच गप्प वाटत होतं, म्हणून त्या ठेवल्या ठेवल्या उलटत होत्या.

मग मागच्या कितीतरी गोष्टी मला एकेक करून आठवल्या. आता गिऱ्हाइकाने बाजूने मागायचं नाही, समोर येऊन उभं राहायचं, हा नवा नियम त्यांनी केला होता. आम्हाला वाटलं, नियमांत आणखी एक भर. फोन त्या उचलत नव्हत्या. म्हणायच्या, फोनमुळे चीज बिघडतं. बोलताना त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, तर पोरं म्हणायची, मावशी आता डोळ्यांनीपण दटावतात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी झाकण घातलं, मी मागे उभी होते. तडतड नुकती सुरू झाली आणि ताईंचा हात लगेच उचलला जात होता, तर मी त्यांच्या हाताला हात लावून थांबवलं. मग सरसर होऊन चीज गप्प झालं तेव्हा त्यांचा पदर हळूच ओढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उलटलं. सँडविच असं उतरलं की बघत राहावं. त्यांनी ते कापलं, आतली तार बघितली आणि माझ्यापुढे सरकवलं. "खाय," म्हणाल्या. बस्स, त्याबद्दल आमच्यात कधी दुसरा शब्द झाला नाही. पदर ओढला की उलटायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, भावजय नणंदेचा पदर सावरते. दोनचार बायकांनी तर आपल्या सुनांना माझं उदाहरणही दिलं असेल.

आणि मग लेकाचा फोन आला, माझ्या फोनवर.

"मामी, माय फोन उचलस नही. तिन्हा कानले काय व्हयनं का?"

मी म्हटलं, "त्या घाईमा ऱ्हातस."

"माले गावना एक जन सांगी ऱ्हायना. म्हने, तुन्ही मायना मांगे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजाडी वाजाडी थकना, तिनी मान बी फिरावी नही." मग म्हणाला, "मी शनिवारे येस. तिले ऐकू येत नशी ते गाडी इकी टाकसू आनि तिले सुरतले लयी जासू. रस्तावर मरू देवाले ठेवू का मी तिले?"

त्याचं काही चुकत नव्हतं. गाडी भिंतीसमोर असली तरी ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, गिऱ्हाईक भिंतीच्या सावलीत, आणि रस्ता ताईंच्या पाठीला. उसाच्या ट्रॉल्या इतक्या जवळून जायच्या की कधीकधी पाल्याचं टोक पदराला लागायचं. ताईंना मी समोर उभं राहून सांगितलं, शनिवारी लेक येतोय. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना कळलं. तो येतोय हेही आणि कशाला येतोय हेही. त्यांनी खापर राखेने घासायला घेतलं आणि घासतच राहिल्या.

शनिवारी तो उन्हं उतरताना आला. खुर्ची घेऊन भिंतीपाशी, आईच्या समोर बसला. मी ताईंच्या मागे, जरा बाजूला उभी. माझं ब्लाऊज घामाने भिजलं होतं, तेही थंडीच्या दिवसांत. पहिलं सँडविच नंदुरबार होतं. झाकण, तडतड, सरसर. मी ताटली घेण्याच्या निमित्ताने वाकले आणि पदर ओढला. उलटलं. सोनेरी. दुसरं, तिसरं, सगळी नीट. लेक काय काय विचारायचा आणि ताई तोंडाकडे बघून पटापट उत्तरं द्यायच्या.

"माय, बारीक व्हयी गयी तू."

"तू जाड व्हयना. मन्हं तुन्हाकडे गयं."

पोरं हसली. लेकही हसला. तो एकेका सँडविचबरोबर सैल पडत चालला होता, हे मला दिसत होतं. शेवटी तो उठला, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामी, मी उगाच घाबरनू." मी सुटकेने पुढच्या ब्रेडला लोणी लावायला घेतलं.

तो पिशवी घ्यायला गाडीला वळसा घालून आईच्या पाठीमागे गेला. ताईंनी तेवढ्यात नवं सँडविच ठेवलं होतं, नुकतंच, अजून तडतडही सुरू झाली नव्हती. मागून तो लाडात म्हणाला, "माय, माले एक देशी का नही?"

ताई वळल्या नाहीत.

तो परत म्हणाला, "माय."

माझ्या डोक्यात एकच आलं, ह्यांनी वळायला हवं, आत्ता. आणि मी पदर ओढला. ताईंनी सँडविच उलटलं.

मी परत ओढला, जोरात. ताईंनी परत उलटलं. "माय," तो जरा मोठ्याने म्हणाला. मी ओढला. ताईंनी तिसऱ्यांदा उलटलं, आणि माझ्याकडे बघून खेकसल्या, "आज काय व्हयनं वं तुले? चीज शे का भोवरा?"

समोरच्या पोरांपैकी कोणी हसलं नाही. ताईंनी माझा चेहरा पाहिला, मी कुठे बघतेय ते पाहिलं, आणि मग त्या वळल्या. लेक मागे उभा होता. त्याच्या हातातली पिशवी खाली आली होती.

ताईंनी ते सँडविच उतरवलं, ताटलीत ठेवलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने चावा घेतला. आत चीज गार होतं, घट्ट, मला दिसत होतं. ब्रेड तर नुसता कोमट. तो उभ्या उभ्या ते सगळं खात राहिला, कडेचा तुकडाही सोडला नाही, आणि ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग तो त्यांच्या तोंडासमोर आला आणि एकेक शब्द तोंड उघडून म्हणाला, "माय, चाल. बस करू आते."

"कान गयात," ताई म्हणाल्या. "हात नही गयात."

"मांगे ट्रॅक्टर चालतस."

"ते त्यास्ना रस्तावर चालतस, मी मन्हा गाडीवर शे."

"माय, एक दिवस उलटी गया ट्रॅक्टर, मी काय करू?"

"आनि तिसरा मजलावर मी काय करू? सांग ना. तू जाशी कामले, सून जाई कामले. मी खिडकी उघडू, मी खिडकी लावू." त्यांचा आवाज चढला होता. किती चढला हे त्यांना कळत नव्हतं, रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला उठून बघायला लागला होता. "तू लहानपने जेवेना, तव्हय मी तुले उपाशी ठेवं का? दुसरं काही करी दिधं. मंग तू बी मन्हाकरता दुसरं काही कर. सुरत सोडीसन काही बी कर."

एवढं बोलून त्या पाठ फिरवून खापराकडे वळल्या, निखारे सारखे करायला लागल्या. लेक डोकं धरून उभा होता. आणि तेव्हा मी बोलले. कशी बोलले मला माहीत नाही. पोरं होती, पंक्चरवाला होता, माझी मान खालीच होती.

"भाऊ, मी ऱ्हासू त्यास्नासंगे. रोज. गाडी लागस तव्हयपासून उठस तव्हयलोंग. मी कोठेच जात नही. त्यास्ले एकलं सोडसू नही मी. माले त्यास्नाबिगर करमत नही."

शेवटचं वाक्य तर मला स्वतःलाही नवं होतं. ताईंची पाठ आमच्याकडे होती. त्या निखाऱ्यांवर फुंकर घालत होत्या.

लेक माझ्याकडे बघत राहिला. लग्नानंतर मी त्याच्याशी इतकं एकदम कधी बोलले नव्हते. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि गाडीखालच्या विटा काढायला खाली बसला. "मामी, तिकडथून हात लाव," म्हणाला. आम्ही दोघांनी आणि चार पोरांनी मिळून गाडी फिरवली, शेगडी-खापरासकट. ताई ओरडत होत्या, "खापर फुटी, खापर फुटी, कसाले फिरावतस रे?" गाडी अशी लावली की ताईंची पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे. गिऱ्हाइकांनी दोन्ही बाजूंनी यायचं, पण समोर यायचं. लेकाने आईच्या खांद्यांना धरलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला, "ऱ्हाय आठेच." ताईंनी एवढंच विचारलं, "मंग तुले एक चांगलं करी देऊ?" आणि त्याला नंदुरबार करून दिलं. मी पदर ओढला तेव्हा ह्या वेळी त्याने न पाहिल्यासारखी मान दुसरीकडे वळवली.

त्याने नंतर कानाचं मशीनही आणून दिलं. ताई ते लग्नाकार्यात घालतात. गाडीवर नाही. म्हणतात, त्यात चीज आणि ट्रॅक्टर दोघं एकाच आवाजात बोलतात. गाडी रोज लागते. गर्दी पूर्वीसारखीच आहे, आणि गप्प राहायचा नियमही तसाच आहे, फक्त आता तो माझ्या कानासाठी आहे, हे कोणाला सांगायची गरज पडलेली नाही.

त्या शनिवारची गोष्ट ताई येईल त्याला सांगतात. कोळसेवाल्याला, कॉलेजच्या पोरींना, त्या सरांनासुद्धा. "मन्हा पोऱ्या लयी जावाले व्हता माले. मी आशी भांडनू, आशी भांडनू, का त्यानी गाडीच फिराई दिधी." ऐकणारे हसतात. मी ब्रेडला लोणी लावत असते. खरं काय झालं ते लेकाला ठाऊक आहे, त्या चार पोरांना ठाऊक आहे, पंक्चरवाल्यालाही असेल. ताईंना नाही.

त्यांना सांगावं असं कितीदा मनात येतं. अवघड काही नाही, समोर जायचं, त्यांनी तोंडाकडे बघेपर्यंत थांबायचं आणि सावकाश, एकेक शब्द करून म्हणायचं. बटाट्याचा भाव मी तसाच सांगते, दुधाचं सांगते, पाऊस येईल म्हणून सांगते. पण तुमच्याशिवाय करमत नाही, तेवढं एक वाक्य घेऊन समोर गेले की ताई म्हणतात, "काय वं?" आणि मी म्हणते, "ब्रेड सरना, लयी येऊ का?"